कोत्सेबूची नाटकं, डच भाषांतरं आणि केपचा रंगमंच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटकवेड्या मंडळींत जुन्या युरोपीय रंगभूमीचा विषय निघाला की शेक्सपिअर, मोलिएर, इब्सेन एवढ्यावर गाडी थांबते. त्यांच्यामध्ये एक जर्मन गृहस्थ आहे. आपल्या हयातीत तो युरोपभर भरपूर खेळला गेला आणि आज त्याचं नाव कुणी घेत नाही. त्याच्या एका विनोदी नाटकाची नायिका म्हैसूरची आहे, आणि त्याची नाटकं डच भाषेत जाऊन थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, पोचली. या प्रकरणाबद्दल जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हा कोत्सेबू कोण?

आउगुस्ट फोन कोत्सेबू. जन्म १७६१ साली वायमारला, म्हणजे जे गाव पुढे गटेमुळे प्रसिद्ध झालं तिथे. वकिली शिकला, रशियन साम्राज्यात नोकरी धरली आणि आजच्या एस्टोनियातल्या रेवाल, म्हणजे टालिन शहरात न्यायखात्यात अधिकारी झाला. फावल्या वेळात नाटकं लिहायचा, असं म्हणावं तर दोनशेच्या वर नाटकं भरतात. तेव्हा फावला वेळ नेमका कशाला म्हणायचं हा प्रश्नच आहे.

माणूस वादग्रस्त होता. १८०० साली रशियाच्या हद्दीत पाऊल टाकताच त्याला पकडून सायबेरियात धाडलं. काही महिन्यांत झार पावेलनं त्याचं एक छोटं नाटक वाचलं, खूश झाला आणि त्याला परत बोलावून वर इनाम दिलं. शेवट मात्र वाईट झाला. २३ मार्च १८१९ रोजी मानहाइममध्ये कार्ल लुडविग सांड नावाच्या विद्यार्थ्यानं त्याला घरात शिरून भोसकलं. कोत्सेबू रशियाचा हेर आहे आणि जर्मन स्वातंत्र्याचा शत्रू आहे, असं त्या पोराच्या डोक्यात बसलं होतं. त्या खुनाचं निमित्त करून जर्मन संस्थानांनी विद्यापीठांवर आणि छापखान्यांवर कडक निर्बंध लादले. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत कोत्सेबू येतो तो मेलेला येतो. नाटककार म्हणून त्याच्यावर दोन ओळीही नसतात.

खरंच एवढा लोकप्रिय होता?

वायमारचं राजाश्रयाचं नाट्यगृह १७९१ ते १८१७ गटेच्या ताब्यात होतं. गटेला कोत्सेबू आवडत नव्हता. तरीही त्या काळात गटेनं त्याची ८७ नाटकं लावली आणि त्यांचे सहाशेहून जास्त प्रयोग झाले. गल्ला कशावर चालतो हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला कळतं, मग तो महाकवी का असेना.

यातलं म्हैसूरचं नाटक कोणतं?

'दी इंडियानर इन एंगलांट', म्हणजे इंग्लंडमधले हिंदी लोक. तीन अंकी सुखान्त नाटक. १७८९ साली रेवालच्या हौशी रंगमंचावर, जो कोत्सेबूनं स्वतःच उभा करायला मदत केली होती, ते पहिल्यांदा झालं. पुढच्या वर्षी लाइपझिगला छापलं गेलं. मग डच, इंग्रजी, स्वीडिश, डॅनिश अशा भाषांत पसरलं.

गोष्ट अशी. इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावात सर जॉन स्मिथ नावाचा व्यापारी राहतो. धंदा बसलेला आणि पाय संधिवातानं धरलेले. बायको जर्मन खानदानी घरातली. उठताबसता आपल्या कुळाचा उद्धार करते. थोरला मुलगा सॅम्युएल कस्टम खात्यात आहे. सावधपणा हा त्याचा धर्म आणि पैसा हे दैवत. धाकटा रॉबर्ट जहाजाचा कप्तान, दिलदार. मुलगी लिडी शहाणी आणि सोशिक. या घरात भाडेकरू म्हणून येतो काबेरदार. हा म्हैसूरचा पदच्युत नवाब; राज्य गेलं, जडजवाहीर वाचलं. बरोबर मुलगी गुर्ली आणि मुसाफरी नावाचा जुना स्वामिनिष्ठ सेवक.

सॅम्युएलला गुर्लीशी लग्न करायचंय, अर्थात तिच्या बापाच्या दागिन्यांसाठी. खुद्द नवाबाला लिडीशी लग्न करायचंय. घरची परिस्थिती पाहून लिडी तयारही होते, पण तिचं मन फाझिर नावाच्या हिंदी तरुणावर आहे. रॉबर्टनं समुद्रावर त्याचा जीव वाचवून त्याला आणलेलं असतं. हा फाझिर म्हणजे नवाबाचा हरवलेला मुलगा, हे प्रेक्षकाला पहिल्या अंकातच कळलेलं असतं. रंगमंचावरच्यांना तिसऱ्या अंकात कळतं. बाप मागे सरतो, लिडी फाझिरला मिळते. नोटरी कागद घेऊन बसलेला असताना गुर्ली सॅम्युएलला सोडून रॉबर्टचा हात धरते. पडदा.

म्हैसूरच का? बाल्टिक समुद्राकाठच्या माणसाला म्हैसूर कुठून सुचलं?

कारण तेव्हा म्हैसूर बातम्यांत होतं. १७८८ च्या उन्हाळ्यात टिपू सुलतानाचे तीन वकील पॅरिसला आले होते. सोळाव्या लुईनं त्यांना व्हर्सायला भेट दिली आणि पॅरिसभर त्यांच्या कपड्यांची, पगड्यांची चर्चा झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग सुरू झाला, म्हणजे हिंदुस्थानातली लूट आणि तिथले राजे हा युरोपच्या वर्तमानपत्रांचा रोजचा मजकूर झाला. हैदर आणि टिपूची नावं जर्मन वाचकाच्या ओळखीची होती. हैदराशी आणि टिपूशी पेशव्यांच्या किती लढाया आणि किती तह झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गजेंद्रगडचा तह तर नाटकाच्या दोनच वर्षं आधीचा, १७८७ चा.

पण कोत्सेबूचा नवाब टिपू नव्हे. नाटक लिहिलं तेव्हा टिपू गादीवर भक्कम बसलेला होता. लेखकाला हवा होता तो राज्य गमावलेला, श्रीमंत, भला आणि परका माणूस. त्याच्या शेजारी उभं केलं की युरोपियन माणसं आपोआप कोती दिसायला लागतात.

त्यातले हिंदी लोक कितपत खरे वाटतात?

अजिबात नाही. नवाब म्हणवणारा माणूस ब्रह्माची शपथ घेतो. काबेरदार, मुसाफरी, फाझिर ही नावं मुसलमानी वळणाची आणि आचार ब्राह्मणी. (काबेरदार हे नाव वाचताना मराठी माणूस दचकतो ते वेगळंच.) अठराव्या शतकातल्या युरोपात हा घोटाळा सर्रास होता. तिथे हिंदुस्थान हा देश कमी आणि नेपथ्य जास्त होता.

खरा हिंदी माणूस इंग्लंडमध्ये कसा राहत असेल हे मात्र नाटकाच्या आठ वर्षं आधीच घडून गेलं होतं, आणि तो माणूस पुण्याच्या राजकारणातलाच होता. १७८१ साली रघुनाथरावानं, म्हणजे राघोबादादानं, हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला पाठवला. बरोबर एक पारशी आणि त्याचा मुलगा होता. सोवळ्याचे हाल चाललेले पाहून ब्रिटिश पार्लमेंटातला पुढारी एडमंड बर्क यानं त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर त्यांना मोकळं करून दिलं. तिथे त्यांना आपल्या हातानं, आपल्या रीतीनं स्वयंपाक करता यायचा. चहूबाजूंनी काचा, आत इंग्रजांची कुंड्यांतली झाडं आणि मधे चूल पेटवून भात शिजवणारा राघोबाचा वकील! बर्क पुढे हेस्टिंग्जवरच्या खटल्यात मुख्य आरोपकर्ता झाला, हे लक्षात घेतलं की त्या काचघराचं महत्त्व वाढतं. या एका प्रसंगात कोत्सेबूच्या तिन्ही अंकांपेक्षा जास्त नाट्य आहे. दुर्दैवानं त्याला ते ठाऊक नव्हतं.

मग नाटक चाललं कशावर?

गुर्लीवर. ही पोर स्वतःला 'मी' म्हणत नाही. 'गुर्लीला हे नको', 'गुर्लीला तो आवडतो' असं बोलते. मनात येईल ते तोंडावर सांगते. लग्न म्हणजे काय, नोटरी कशाला, आवडलेल्या माणसाचा मुका सगळ्यांसमोर का घ्यायचा नाही, हे प्रश्न ती भर बैठकीत विचारते आणि भोवतीची सभ्य मंडळी गडबडतात. बर्लिनमध्ये फ्रीडरिके उन्त्सेलमान या नटीनं ही भूमिका गाजवली. मग प्रत्येक नाटकमंडळीतल्या तरुण नटीला गुर्ली करायची असे. जर्मन समीक्षकांनी नाकं मुरडली, हा भोळेपणा नसून चावटपणा आहे असं लिहिलं. खरं सांगायचं तर दोन्ही आहे, आणि म्हणूनच तिकिटं खपली.

स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये तर लोक मुलींची नावं गुर्ली ठेवायला लागले. हे नाव तिकडे आलंच या नाटकातून. पुढे शंभर वर्षांनी जन्मलेल्या कितीतरी स्वीडिश आज्या म्हैसूरच्या एका काल्पनिक राजकन्येचं नाव लावून जगल्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हे सगळं जर्मन. यात डच कुठून आले?

डच रंगभूमी तेव्हा भाषांतरांवर जगत होती. आधी फ्रेंच नाटकांचा जोर होता. १७९० नंतर जर्मन नाटकांची लाट आली आणि त्या लाटेच्या टोकावर कोत्सेबू. 'मेन्शनहास उंट रॉय', म्हणजे मनुष्यद्वेष आणि पश्चात्ताप, हे त्याचं रडवणारं नाटक डचमध्ये लगेच आलं, पाठोपाठ विनोदी नाटकं आली. अॅमस्टरडॅमचे प्रकाशक ही भाषांतरं लहान आकाराच्या, स्वस्त पुस्तिकांत छापत. अशी पुस्तिका जहाजावरच्या पेटीत सहज मावते. नाटकमंडळी समुद्रापार नेणं महाग, संहिता नेणं फुकट.

आणि डच जहाजं जिथे जात तिथे ती पोचली. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण केप. डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६५२ साली तिथे ठाणं बसवलं ते हिंदुस्थान आणि जावाकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी, मांस मिळावं म्हणून. (याच कंपनीची एक वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला होती.) १७९५ मध्ये इंग्रजांनी केप घेतलं, १८०३ मध्ये परत दिलं, १८०६ मध्ये पुन्हा घेतलं ते कायमचं. म्हणजे कोत्सेबूच्या ऐन भराच्या काळात केप टाउनवर युनियन जॅक होता आणि घराघरांत भाषा डच होती.

केपमध्ये तर जर्मनही पुष्कळ होते ना? मग नाटकं जर्मनमध्येच का नाही?

होते की. कंपनीच्या सैन्यात आणि नोकरीत जर्मन माणसांचा भरणा होता. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकनं तर १७८७ मध्ये अख्खी पलटण कंपनीला भाड्यानं दिली होती. ती काही वर्षं केपला होती आणि मग पुढे पूर्वेकडे गेली. स्ट्रँड स्ट्रीटवरचं लुथेरन चर्च याच जर्मनांचं. पण एका पिढीत ही मंडळी डच बोलायला लागत. बायका केपच्या, धंदा डचमध्ये, मुलं डच शाळेत. डचमधला कोत्सेबू हा त्यांच्यासाठी दुधाची तहान ताकावर भागवणं नव्हतं, तीच त्यांची भाषा झाली होती.

नाट्यगृह कसं होतं?

आफ्रिकन थिएटर. इंग्रजांच्या पहिल्या राजवटीत, गव्हर्नर सर जॉर्ज यंग यांच्या काळात, १८०० च्या सुमाराला लोकांकडून भाग गोळा करून बांधलं. यंगसाहेब नंतर भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून परत बोलावले गेले, थिएटर राहिलं. जागा म्हणजे बाजाराचा मोठा चौक, आज ज्याला रीबेक स्क्वेअर म्हणतात. गावोगावचे शेतकरी तिथे बैलगाड्या सोडत. तळमजल्यावर दुकानं आणि गुदामं, वर नाटकाची जागा. पिटातल्या प्रेक्षकाच्या पायाखाली मालाची पोती होती.

रंगमंच एकच आणि वाटेकरी अनेक. इंग्रज छावणीतले अधिकारी इंग्रजी नाटकं करत, फ्रेंच हौशी मंडळी फ्रेंच, डच मंडळी डच. जाहिराती सरकारी गॅझेटमध्ये यायच्या. हे पत्र १८०० साली निघालं आणि इंग्रजी-डच असं दुभाषी होतं.

ही डच नाटकं करणारे कोण होते?

धंदेवाईक कुणीच नाही. शिक्षक, कारकून, भाषांतरकार, दुकानदार. ते मंडळ्या काढत आणि त्यांना भारदस्त नावं देत, उदाहरणार्थ 'तोत नुत एन फेरमाक', म्हणजे उपयोगासाठी आणि करमणुकीसाठी. मंडळी निघायची, भांडायची, फुटायची आणि नव्या नावानं पुन्हा निघायची. ज्यानं आपल्याकडच्या हौशी मंडळांत एक तरी स्पर्धेचं वर्ष काढलंय त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

यातला सगळ्यात रंगीत माणूस शार्ल एतिएन बोनिफास. जन्म पॅरिसचा, १८०७ साली केपला आला. भाषा भराभर आत्मसात करायचा. फ्रेंच शिकवायचा, गाणं-बजावणं शिकवायचा, नाटकं बसवायचा, लिहायचा आणि शत्रू करायचा. १८३० साली निघालेल्या 'दे झाउड-आफ्रिकान' या डच वृत्तपत्राचा तो पहिला संपादक. १८३२ साली त्यानं दारूबंदीवाल्या मिशनऱ्यांची टर उडवणारं एक नाटक लिहिलं. त्यात पात्रं पुस्तकी डच सोडून केपच्या रस्त्यावरची डच बोलतात, तीच बोली पुढे आफ्रिकान्स झाली. आफ्रिकान्स नाटकाचा इतिहास लिहिणारे म्हणूनच बोनिफासपासून सुरुवात करतात, जरी त्याची मातृभाषा फ्रेंच होती.

त्याचा प्रतिस्पर्धी जोसेफ सुआसो दे लिमा, अॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू घराण्यातला. १८१८ मध्ये केपला आला. तोही कवी, पत्रकार, नाटकवाला. दोघांनी एकमेकांवर इतकी विडंबनं लिहिली की नाटकापेक्षा त्यांचं भांडणच लोक चवीनं वाचत.

एवढ्या नाटककारांतून कोत्सेबूच का?

हौशी मंडळीच्या नजरेनं बघा म्हणजे लगेच उलगडेल. एक, गद्य. लांबलचक यमकबद्ध संवाद पाठ करायला लागत नाहीत, आणि कारकुनानं कचेरी सुटल्यावर तालमीला येऊन ते म्हणायचे म्हणजे शिक्षाच. दोन, घरातला देखावा. एक दिवाणखाना रंगवला की पाच नाटकं त्यावर होतात. तीन, पात्रं ओळखीची: संधिवाताचा म्हातारा, कुळाभिमानी बायको, कंजूस भाऊ, दिलदार खलाशी. अभिनय बेताचा असला तरी लकब उचलता येते. चार, एकांकी आणि छोटी नाटकंही भरपूर. मुख्य नाटकानंतर हसवायला एक तुकडा लावायचा तर तोही याच लेखकाचा मिळतो.

आणि लहान गावाचा अहंकार त्याला नेमका कळायचा. १८०३ चं त्याचं 'दी डॉइचन क्लाइनश्टेटर' घ्या. क्रेविंकल नावाच्या गावात प्रत्येकाला पदवी पाहिजे. नगराध्यक्षाची आई, उपकर निरीक्षकाची बायको अशाच नावांनी एकमेकांना हाक मारायची, आणि राजधानीहून आलेल्या जावयाला पदवीच नाही म्हणून गावात हलकल्लोळ. रेवालमध्ये अधिकारी म्हणून बसून त्यानं हे रोज पाहिलं होतं. लांबच्या साम्राज्याच्या टोकावरचं, आपण राजधानीत नाही ही खंत उरात घेऊन जगणारं गाव कसं असतं, हे त्याच्याइतकं शिलरसारख्या थोर जर्मन नाटककाराला माहीत नव्हतं. वसाहतीत शिलरपेक्षा कोत्सेबू का रुजला, याचं माझ्या मते हेच खरं कारण आहे, सोपेपणा त्यानंतर.

प्रेक्षकांत कोण असायचं? आणि नवाब, हिंदी लोक वगैरे त्यांना कसे वाटत असतील?

इथे हा विषय हसण्यावारी नेता येत नाही.

१८०६ च्या आसपास केप टाउनची वस्ती साधारण १६,००० होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक गुलाम होते. १६५२ पासून गुलामांचा व्यापार बंद होईपर्यंत केपला साधारण ६३,००० माणसं गुलाम म्हणून आणली गेली. त्यातली सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानातली होती, बंगाल, कोरोमंडल आणि मलबार किनाऱ्यावरची. कागदपत्रांत त्यांची नावं 'फान बेंगाले', 'फान मलबार' अशी, म्हणजे घरातून उचललेल्या माणसाचं गाव तेवढं आडनाव म्हणून शिल्लक. श्रीमंत घरांत गुलामांकडून व्हायोलिन, बासरी वाजवून घेत आणि मालक नाचत. म्हणजे जर्मन प्रेक्षकाला जो हिंदी माणूस फक्त रंगमंचावर दिसायचा, तो केपच्या प्रेक्षकाच्या घरात स्वयंपाक करत होता, कपडे शिवत होता, मुलं सांभाळत होता. कोत्सेबूच्या भल्या नवाबाची कल्पना अशा गावात नेऊन ठेवली की ती किती ढोंगी आहे हे कळतं. रंगमंचावर शहाणपण शिकवणारा हिंदी राजा चालतो, कारण तो श्रीमंत आहे.

केपमध्ये आणखी एका जातीला 'इंडियन' म्हणत, आणि ते गोरे होते. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रास, कलकत्ता, मुंबईचे अधिकारी आजारपणाच्या रजेवर केपला येत. विलायतेला गेलं तर भत्ते आणि जागा धोक्यात यायची. केप मात्र कंपनीच्या सनदेच्या हद्दीत मोडत असल्यामुळे इथे राहून त्या टिकत. म्हणून हे पिवळे पडलेले, पैसेवाले साहेब हिंदी नोकर बरोबर घेऊन केपमध्ये घर भाड्यानं घेत आणि गावातले घोडे महाग करत. कोत्सेबूच्या नाटकातला पैसेवाला भाडेकरू इथे रस्त्यावर चालताना दिसायचा, फक्त रंग उलटा.

आणि म्हैसूर? १७९७ साली डेव्हिड बेर्ड हा अधिकारी केपला होता. त्याआधी पोल्लिलूरच्या लढाईत पकडला जाऊन तो जवळजवळ चार वर्षं श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात पडलेला होता. १७९८ मध्ये केपहून पलटणी मद्रासला निघाल्या, बेर्डही गेला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावर जी शेवटची चढाई झाली आणि जिच्यात टिपू पडला, तिचं नेतृत्व याच बेर्डनं केलं. सात वर्षांनी, जानेवारी १८०६ मध्ये, केप जिंकणाऱ्या इंग्रज फौजेचा सेनापतीही बेर्डच. रेवालच्या दिवाणखान्यात लिहिलेला म्हैसूरचा पदच्युत नवाब ही कपोलकल्पना होती. पण दहा वर्षांत म्हैसूरमधलं टिपूचं घराणं खरंच पदच्युत झालं, आणि ते करणारा माणूस केपचाही विजेता ठरला. अशी नाटकं बघणाऱ्या केपच्या लोकांना म्हैसूर म्हणजे परीकथा नव्हती.

बटाव्हिया आणि सुरिनामचं काय?

तिथेही हौशी डच रंगभूमी होती. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, इंग्रजांनी १८१४ मध्ये बांबूचं नाट्यगृह उभारलं होतं. डचांनी १८२१ मध्ये पक्की इमारत बांधली. ती आज गेदुंग कसेनियान म्हणून चालू आहे. सुरिनाममध्ये पारामारिबोला 'तालिया' ही नाट्यसंस्था १८३७ सालची. पण केपइतकी भाषांची सरमिसळ, इंग्रज राज्यात डच नाटक हा प्रकार, या दोन्ही ठिकाणी तसा नाही. म्हणून इथला भर केपवर.

कोत्सेबू हिंदुस्थानात आला का?

आला, पण इंग्रजांच्या हातून आणि नाव पुसून. 'मनुष्यद्वेष आणि पश्चात्ताप' लंडनला १७९८ मध्ये 'द स्ट्रेंजर' झालं. पेरूवरचं त्याचं नाटक इंग्रज नाटककार शेरिडननं १७९९ मध्ये 'पिझारो' म्हणून लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला लावलं आणि त्यावर पैसा ओढला. त्या 'पिझारो'वरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगा हश्र काश्मिरी यांनी पारशी रंगभूमीसाठी 'असीर-ए-हिर्स' हे उर्दू नाटक रचलं. मुंबईत ते पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या आणि कोत्सेबूच्या मध्ये दोन भाषा आणि एक शतक होतं. त्याचा मुलगा ओटो मात्र स्वतः जगभर फिरला. 'रूरिक' हे रशियन गलबत घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून परतताना १८१८ साली तो केपला थांबला होता. अलास्कातल्या एका आखाताला कोत्सेबू नाव आहे ते या मुलामुळे.

केपचं ते थिएटर बंद का पडलं?

तीन कारणं एकत्र आली. १८२० च्या दशकात इंग्रजांनी कचेऱ्यांत आणि कोर्टांत इंग्रजी सक्तीची केली, म्हणजे डच नाटकवाल्या कारकुनांच्या पायाखालची जमीन सरकली. धर्मसुधारकांचा जोर वाढला आणि नाटक म्हणजे पाप असं डच घरांतून उघड बोललं जाऊ लागलं. आणि १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्यानं संपली, त्यानंतरची सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्या मालकाकडेच राबणं, १८३८ मध्ये. मुक्त झालेल्या हजारो लोकांसाठी शाळा आणि प्रार्थनेची जागा हवी होती. त्यासाठी थिएटरची इमारतच घेतली गेली. तेच आजचं सेंट स्टीफन्स चर्च. डच रिफॉर्म्ड पंथाच्या चर्चला संताचं नाव असण्याचं हे एकमेव उदाहरण समजतात. गावात सांगतात की गुलामांसाठी चर्च काढल्याच्या रागानं लोकांनी त्यावर दगड फेकले आणि दगडांनी ठार झालेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्टीफन, म्हणून हे नाव.

नाटक म्हणून 'इंडियानर' आज कसं वाटतं? मराठीत करता येईल का?

पहिला अंक सुस्त आहे. सर जॉन आणि बायकोचं भांडण एकदा हसवतं, तिसऱ्यांदा नाही. फाझिरचं प्रकरण उघड ठिगळ आहे. नोटरीचा प्रवेश मात्र आजही चालेल. कोऱ्या कागदावर शाईत बुडवलेला टाक धरून बसलेला माणूस नवऱ्याचं नाव विचारतोय, सॅम्युएल उत्तर द्यायला तोंड उघडतोय आणि गुर्ली खोलीभर फिरून एकेकाच्या चेहऱ्याकडे निरखून बघतेय. संवाद कमी, हालचाल जास्त, आणि नटीच्या अंगात वेळेचं भान असेल तर पिट हातात.

मराठीत करायचं तर सरळ भाषांतर करू नये. ब्रह्माच्या शपथा घेणारा नवाब इथे पहिल्या पाच मिनिटांत पडेल. मी असतो तर नाटक केपमध्येच ठेवलं असतं: १८२० ची हौशी डच मंडळी, वरच्या मजल्यावर तालीम, गुर्लीची भूमिका कुणी करायची यावरून दोन संपादकांचं भांडण, आणि मंडळीचं कपडेपट शिवून देणारी फान बेंगाले आडनावाची शिंपीण. संवाद तिला भरपूर द्यायचे. दोन अंक पुरेत, आणि नोटरीचा प्रवेश दुसऱ्याच्या मध्यावर.